कोपरा पाहिजे

खोलीला चार कोपरे असतात, हे भूमितीच्या पुस्तकापुरतं ठीक आहे. डोंबिवलीतल्या दहा बाय सोळाच्या हॉलमध्ये मोकळा कोपरा नावाची वस्तू नसते. प्रत्येकावर कुणाची ना कुणाची वहिवाट असते आणि ती सातबाऱ्यावरच्या नोंदीपेक्षा पक्की असते. कॅमेरा घरात आला आणि ही सगळी कुळं एकदम जागी झाली.

हुकूम बंगळुरूहून सुटला होता. गणपतीला आम्ही घराला कुलूप लावून राजापूरजवळच्या गावी जातो. मागे एकदा अशाच दिवसांत खालच्या मजल्यावर कडी उचकटली गेली होती. चोराच्या हाती काही लागलं नाही, तरी त्या बिऱ्हाडाला वर्षभर पुरेल एवढा विषय मिळाला. "बाबा, दोन-अडीच हजारांत मस्त कॅमेरा येतो. मी इथून लक्ष ठेवीन," असं चिरंजीव म्हणाले. स्वतःच्या पाकिटावर ज्याचं लक्ष नसतं, तो नऊशे-हजार किलोमीटरवरून आमच्या हॉलवर ठेवणार होता.

दुकानदारानं पहिलाच प्रश्न टाकला, "बुलेट की डोम?" म्हणजे नळीसारखा की घुमटासारखा. मी म्हटलं, घरात लावायचाय. "मग फिरता घ्या साहेब. मान वळवतो, वरखाली बघतो." पुढे दोन मेगापिक्सल, तीन, चार अशी चढती भाजणी सुरू झाली. दोनमध्ये माणूस दिसतो आणि चारमध्ये तो ओळखू येतो, असं त्याचं म्हणणं. आमच्या हॉलमध्ये येणारा माणूस जिन्यातल्या खोकल्यावरूनच ओळखू येतो, हे त्याला सांगून उपयोग नव्हता. मग त्यानं आवाज खाली आणून सांगितलं, की एप्रिल 2025 पासून सीसीटीव्हीला सरकारी चाचणी सक्तीची झाली आहे, तेव्हा खोक्यावर बघून घ्या. यात मात्र तथ्य होतं. घराच्या आत बघणारा डोळा कुणाकुणाला चित्र पाठवतो, हे कुणीतरी तपासलेलं बरं. मेमरी कार्ड अर्थातच वेगळं घ्यायचं होतं. तेही साधं चालत नाही म्हणे, कारण कार्ड भरलं की कॅमेरा जुनं पुसून त्यावरच नवं लिहितो आणि या रोजच्या खोडण्या-लिहिण्यानं साधं कार्ड लवकर मान टाकतं. चाळीस वर्षांच्या सरकारी नोकरीतला एक ओळखीचा हेडक्लार्क डोळ्यांपुढे आला. मी चांगलं कार्ड घेतलं.

घरी जेवणाच्या टेबलावर कॅमेऱ्याचं वाय-फायशी लग्न लावलं. सुरुवातीला तो जोडलाच जाईना. वायफळ धडपड झाल्यावर बंगळुरूहून निदान आलं. आमचा राउटर 5 गिगाहर्ट्झवर मिरवत होता आणि कॅमेऱ्याला फक्त 2.4 समजत होतं. "मोठा आकडा सोडून लहान घ्यायचा?" ही म्हणाली. पण 2.4 वर माहिती जरा हळू जात असली, तरी ती लहर भिंतीतून जास्त दूरवर पोचते आणि घरातल्या कॅमेऱ्याला तेवढंच लागतं. जोडणी होताच कॅमेरा खणखणीत बाईच्या आवाजात इंग्रजी बोलला. आई आतून म्हणाली, "कोण आलंय? बसायला सांग."

आता जागा. वायरमन बोलवण्याआधी मी एक युक्ती केली, आणि ती सगळ्यांनी करावी अशीच आहे. कॅमेरा पॉवर बँकेला लावला, स्टुलावर चढलो आणि एकेका कोपऱ्यात हात उंच करून उभा राहिलो. बंगळुरूत चिरंजीव फोनवर चित्र बघत होते.

पहिला कोपरा ईशान्य. तिथे देव. मी स्टूल नुसतं त्या बाजूला सरकवलं, तर आई म्हणाली, "देवांच्या डोक्यावरून कुणी बघायचं नाही." विषय संपला.

दुसरा दाराजवळचा. तिथून अख्खा हॉल दिसत होता, पण समोर खिडकी. उजेडाकडे तोंड केलं, की कॅमेरा खिडकीच्या उजेडाचा हिशोब धरतो आणि तिच्यापुढची माणसं काळीठिक्कर पडतात. "बाबा, सोफ्यावर कोण बसलंय?" असं चिरंजीवांनी विचारलं. सोफ्यावर त्याची आई होती. त्या कोपऱ्याचा निकाल तिनंच लावला.

तिसरा स्वयंपाकघराकडचा. इथून दार, सोफा, टीव्ही असं सगळं यायचं, आणि डावीकडे थोडा ओटाही. "ओटा दिसणार असेल तर कॅमेरा राहील किंवा मी राहीन," असं ही म्हणाली. मी स्टुलावरूनच समजूत घालायला गेलो. जगातला पहिला वेबकॅम म्हणतात, तोच मुळी स्वयंपाकघरासारख्या कामासाठी लागला. 1991 मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत शास्त्रज्ञांनी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला होता. जिने उतरून जावं आणि भांडं रिकामं निघावं, ही त्यांची पिडा होती. चित्र 128 बाय 128 ठिपक्यांचं, काळं-करडं. नंतर ते इंटरनेटवर गेलं आणि 2001 पर्यंत जगभरातले लोक दुसऱ्याच्या कॉफीची पातळी बघत बसले. हिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांच्यातल्या कुणी उठून नवी कॉफी केली का?" मी स्टूल उचललं.

उरला चौथा, खिडकीच्याच भिंतीतला. खिडकीकडे पाठ, म्हणजे उजेडाची कटकट नाही. दार समोर, टीव्ही उजव्या हाताला, देव आडबाजूला, ओटा नजरेआड. तिथली वहिवाट एका पालीची होती आणि तिच्या वतीनं बोलणारं कुणी नव्हतं.

जागा ठरली तेव्हा आईनं कायद्याचा मुद्दा काढला. ती पेपर पहिल्या पानापासून निविदांपर्यंत वाचते. कोलकात्यात दोन भावांचा असाच तंटा झाला होता. एकानं सामाईक घराच्या आत कॅमेरे बसवले. राहत्या घरात, बरोबर राहणाऱ्यांच्या संमतीवाचून हे चालणार नाही, असं कलकत्ता उच्च न्यायालयानं 2025 च्या फेब्रुवारीत सांगितलं आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानंही त्यात हात घालायला नकार दिला. आईनं कात्रणच जपून ठेवलं होतं, विम्याच्या पावत्यांच्या पिशवीत. "माझी संमती घेतलीस?" तिनं चष्म्यावरून बघत विचारलं. वाटाघाटी झाल्या. घरात माणसं असताना कॅमेऱ्यावर टोपडं राहील. ते तीच विणेल. जाताना काढायचं. मी मोबाइलमध्ये डोळा मिटायची सोय असल्याचं दाखवलं. तिनं ते बटण दोनदा दाबून पाहिलं आणि लोकर कुठली घ्यायची ते ठरवायला घेतलं.

वायरमन आला तो शिडीचा घोडा, ड्रिल आणि एक मदतनीस मुलगा घेऊन. त्यानं कोपरा बघितला, भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि चेहरा पाडला. "काका, वर बीम आहे. आरसीसी." तरी त्यानं सहा नंबरचा बिट लावून जोर केला. घरभर किंकाळी घुमली, वरच्या मजल्यावरून कुणीतरी उलटं ठोकलं, बिटाचं टोक निळं पडलं आणि भिंतीवर चिमूटभर करडी पूड दिसली. सळई लागली असणार. मग तो चार बोटं खाली सरकला, विटेत. विटेत बिट सरसर जातो खरा, पण लाल भुकटी खाली सोफ्यावर धबधब्यासारखी येते. इथे हिनं जे केलं ते बघण्यासारखं होतं. जुन्या लग्नपत्रिकेचं एक पाकीट घेतलं, त्याचं तोंड उघडं ठेवून भोकाच्या बरोबर खाली चिकटपट्टीनं लावलं. ड्रिल फिरलं तशी सगळी भुकटी त्या पाकिटात जमत गेली. वरच्या 'श्री गजानन प्रसन्न'वर कणही सांडला नाही. वायरमननं ड्रिल थांबवून पाकिटाकडे बघितलं, मग मदतनिसाकडे बघितलं. त्या पोरानं मान खाली घातली.

भोकात प्लास्टिकची गिट्टी ठोकली, स्क्रू पिळले, कॅमेरा छताकडून उलटा टांगला. टीव्हीजवळच्या बोर्डापर्यंत त्याची वायर पोचेना. "लांब वायर जोडतो, पट्टीतून नेऊ," असं वायरमन म्हणाला. मीही हो म्हटलं. आईनं फोनवर पहिलं चित्र पाहिलं, तर आम्ही सगळे वटवाघळांसारखे छताला लोंबत होतो. चित्र उलटं करायचं बटण सापडेपर्यंत तिनं फोनच उलटा धरला.

दिवसभर कॅमेरा सुतासारखा सरळ वागला. रात्री दिवे मालवले, की बंद पडायचा, परत चालू व्हायचा आणि प्रत्येक वेळी ती बाई अंधारात इंग्रजी बोलायची. दोन रात्री घरात कुणाला झोप नाही. कारण समजलं तेव्हा वायरमनलाही नवल वाटलं. अंधार झाला की कॅमेरा आपले अवरक्त, म्हणजे माणसाला न दिसणाऱ्या उजेडाचे, दिवे लावतो आणि त्यांना वीज जास्त लागते. अॅडॉप्टरच्या 5 व्होल्टमधला थोडा लांब, बारीक वायरमध्येच झिजतो. दिवे लागताच कॅमेऱ्याला भोवळ येते. उपाय सोपा होता. बारीक वायर लांबवायची नाही, विजेचा पॉइंटच वर घ्यायचा आणि अॅडॉप्टर कॅमेऱ्याशेजारी लावायचा. म्हणजे पुन्हा घोडा, पुन्हा ड्रिल, पुन्हा पाकीट.

टोपडं अजून विणून व्हायचं होतं, तोवर चिरंजीवांचे फोन येत राहिले. "बाबा, हॉलमध्ये हालचाल आहे!" रात्री दोनला मी काठी घेऊन हॉलमध्ये उभा आणि तो वरून बघतोय. "बाबा, आता तुम्ही दिसताय." कोळ्यानं भिंगापुढे एक धागा ओढला होता. डोळ्यांना दिसतही नव्हता, पण अवरक्त उजेडात तो पांढराशुभ्र तळपायचा आणि पंख्याच्या वाऱ्यावर हलला, की बंगळुरूत घंटा वाजायची. पाल कोळ्याला खाईल या आशेवर मी काही दिवस काढले. तिनं कोपरा सोडला होता.

गणपतीला गावी गेलो. टोपडं आईनं स्वतः काढलं आणि घडी करून पिशवीत टाकलं. तुळशीला पाणी घालायला किल्ली समोरच्या वहिनींकडे दिली होती. गावात पाऊस असा लागला, की डिशला दिसेना आणि टीव्हीच्या पडद्यावर नुसतीच निळी पाटी. पडवीच्या तिसऱ्या खांबाला टेकलं, की मात्र फोनला रेंज यायची. दुपारी आई त्या खांबाशी फोन घेऊन बसलेली दिसली. मला वाटलं, घरावर नजर ठेवतेय. वहिनी पाणी घालायला आल्या, तशी आई आमच्या हॉलच्या कोपऱ्यातून त्यांच्याशी बोलली. बिचाऱ्या तांब्यासकट दचकल्या. मग सावरल्या. मग सोफ्यावर बसल्या आणि सोसायटीत कुणाकडे किती दिवसांचा गणपती, कुणाची सून माहेरी, हे सगळं कॅमेऱ्याकडे तोंड करून सांगू लागल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या सातच्या ठोक्याला यायला लागल्या, आपला चहा घेऊन.

सातला आईची मालिका असते.

मी खांबामागून वाकून बघितलं. आईनं बोटानं कॅमेऱ्याची मान उजवीकडे वळवली होती आणि आमचा टीव्ही राजापूरच्या पडवीत स्वच्छ दिसत होता. चार मेगापिक्सल घेतले ते बरं झालं. बंगळुरूहून घंटा वाजल्याचा फोन आला, तो तिनं कट केला आणि कॅमेऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अगं, जरा पलीकडे सरक, तुझा अंबाडा मध्ये येतोय."