आपोआप काहीही बदलत नाही: प्रशिक्षणातून परत पाठवलेल्या अमेरिकी सैनिकाच्या शेऱ्याविषयी

अमेरिकी सैन्यात नागरिकांप्रमाणेच ग्रीनकार्डधारक तरुणांनाही भरती होता येते, त्यामुळे तिथल्या मराठी घरांतही अधूनमधून डीडी 214 या कागदाची चर्चा होते. लष्करी सेवा संपल्यावर मिळणारा हा दाखला. जो रिक्रूट बूट कॅम्प, म्हणजे सुरुवातीचे प्रशिक्षण, पूर्ण होण्याआधीच घरी पाठवला जातो, त्याच्या दाखल्यावर सेवेच्या दर्जापुढे बहुधा ‘अनकॅरॅक्टराइज्ड’, म्हणजे ‘वर्गीकरण केलेले नाही’, असा शेरा असतो. या शेऱ्याविषयी वर्षानुवर्षे फिरत असलेल्या समजुतीचा सारांश असा: हा शेरा बदनामीच्या डिस्चार्जसारखाच, म्हणजे सेवामुक्तीसारखाच, आहे, त्यामुळे माजी सैनिकांच्या खात्याकडून, म्हणजे व्हीएकडून, काहीही मिळत नाही, मात्र सहा महिन्यांनी तो आपोआप ‘ऑनरेबल’, म्हणजे सन्माननीय, होतो, आणि झाला नाही तर अपील करणे व्यर्थ, कारण इतक्या अल्प सेवेची दखल कोणी घेत नाही. या चार विधानांपैकी तीन सरळ चुकीची आहेत आणि चौथ्यात थोडे तथ्य आहे; पण ते ज्या ठिकाणी आहे असे सांगितले जाते, त्या ठिकाणी नाही.

बदनामीचा मुद्दा आधी घेऊ. प्रशासकीय मार्गाने होणाऱ्या सेवामुक्तीचे दर्जे तीन: ‘ऑनरेबल’, ‘जनरल’ (सर्वसाधारण) आणि ‘अदर दॅन ऑनरेबल’ (सन्माननीयाखेरीज). सैनिकांच्या बाबतीत ‘बॅड कंडक्ट’ आणि ‘डिसऑनरेबल’ हे दोन दर्जे केवळ कोर्ट मार्शलच्या शिक्षेतूनच लागू होतात. ‘अनकॅरॅक्टराइज्ड’ या पाचांपैकी कशातच बसत नाही. पहिल्या चाचणीपूर्वीच शाळा सोडलेल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात गुणांचा रकाना कोरा राहतो, म्हणून कोणी त्याला नापास म्हणत नाही. हाही तसाच प्रकार आहे. सेवा इतकी अल्प झाली की तिचे मूल्यमापन करणे न्याय्य ठरणार नाही, एवढेच तो शेरा सांगतो. सुरुवातीच्या काळात गंभीर गैरवर्तन घडले तर ‘अदर दॅन ऑनरेबल’ देण्याची मुभा अधिकाऱ्यांना असतेच. ती वापरली गेली नाही, ही गोष्ट अर्जदाराच्या बाजूनेच बोलते.

व्हीएविषयीचे विधान सर्वांत घातक आहे, कारण त्यावर विश्वास ठेवून अनेक जण अर्जच करीत नाहीत. व्हीएच्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे की, प्रवेश-टप्प्यावरील, म्हणजे सेवेच्या अगदी सुरुवातीच्या काळातील, वर्गीकरणरहित प्रशासकीय सेवामुक्ती ही ‘डिसऑनरेबल’खेरीज अन्य परिस्थितीतील सेवामुक्ती मानली जाईल. म्हणजेच या शेऱ्यामुळे दार बंद होत नाही. पुढची अडचण असते ती किमान सेवेची: 1980 च्या सप्टेंबरनंतर भरती झालेल्यांना बहुतेक लाभांसाठी 24 महिन्यांची सेवा किंवा ज्या मुदतीसाठी बोलावले गेले ती पूर्ण मुदत भरावी लागते. परंतु सेवेत जडलेल्या व्याधीच्या भरपाईला ही अट लागू होत नाही. समजा, पाठीवर ओझे घेऊन मैलोन्‌मैल चालल्यामुळे एका मुलीच्या नडगीच्या हाडाला प्रशिक्षणाच्या सातव्या आठवड्यात तडा गेला, ती घरी आली आणि दुखणे कायमचे मागे लागले, तर तिची सेवा दोन महिन्यांची होती या कारणाने तिचा दावा फेटाळता येत नाही. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत ज्या व्याधीची नोंद झाली नव्हती, ती त्या वेळी नव्हतीच असे कायदा गृहीत धरतो. व्याधी आधीपासून होती आणि सेवेमुळे ती बळावलीही नाही, या दोन्ही गोष्टी निर्विवाद पुराव्याने दाखवण्याचे ओझे व्हीएवर असते. शिक्षणासाठीच्या जीआय बिलाचे नियम अधिक कडक आहेत. तिथे ‘ऑनरेबल’ हा दर्जा लागतो आणि सेवा अल्प असेल तर सुरुवातीच्या प्रशिक्षणाचे दिवस सहसा मोजलेही जात नाहीत. तेव्हा काहीच मिळत नाही हे जसे चूक, तसेच सगळे मिळेल ही आशाही चूक.

सहा महिन्यांनी शेरा आपोआप बदलतो, या समजुतीला कोणत्याही सेनादलाच्या नियमांत आधार नाही. ती कुठून आली असावी याचा मात्र अंदाज करता येतो. दीर्घकाळ ‘प्रवेश-टप्पा’ म्हणजे सलग सक्रिय सेवेचे पहिले 180 दिवस अशी व्याख्या होती, आणि या सहा महिन्यांचा आकडा कोणीतरी घरी परतल्यानंतरच्या काळाला लावला असावा. छावणीतून निघण्याची घाई झालेल्या मुलाला धीर देण्यासाठी एखाद्या सार्जंटनेही हे वाक्य सांगितले असेल. त्याने दिलेला धीर खरा असला तरी माहिती खोटी होती. शेरा बदलायचा तर लेखी अर्ज करावा लागतो, आणि तो कोणत्या मंडळाकडे, किती मुदतीत करायचा हे कायद्याने ठरवून दिले आहे.

त्या 180 दिवसांच्या हिशोबात आणखी एक गफलत वारंवार होते. आई-वडील मुलाच्या भरतीच्या तारखेपासून तो घरी पोहोचल्याच्या तारखेपर्यंत दिवस मोजतात, ते 190 भरतात, आणि शेरा बेकायदा असल्याची त्यांची खात्री पटते. प्रत्यक्षात सेवामुक्तीची कारवाई सुरू केल्याची लेखी सूचना ज्या दिवशी दिली गेली, तो दिवस निर्णायक असतो. त्यानंतर कागद फिरण्यात गेलेले आठवडे हिशोबात धरले जात नाहीत. अर्थात सूचनेच्या दिवशीच मर्यादा उलटून गेली असेल, तर ती प्रशासनाची उघड चूक आहे, आणि असे प्रकरण मंडळापुढे नेण्यासारखे असते. मर्यादा किती, हे सेवामुक्तीच्या वर्षी लागू असलेल्या नियमावरूनच पाहावे.

आता अपील व्यर्थ असल्याचा मुद्दा. 1944 च्या जीआय बिलाच्या कायद्यातूनच सेवामुक्तीचा फेरविचार करणाऱ्या डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्डांची तरतूद झाली, आणि 1946 साली नोंदी दुरुस्त करणाऱ्या मंडळांची. पहिल्याकडे डीडी 293 हा अर्ज सेवामुक्तीपासून 15 वर्षांच्या आत करता येतो. दुसऱ्याकडे डीडी 149 हा अर्ज चूक लक्षात आल्यापासून 3 वर्षांच्या आत करायचा असतो, पण न्यायाच्या हितासाठी ही मुदत शिथिल करण्याचा अधिकार मंडळाला आहे. दोन्हींसाठी शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. माजी सैनिकांच्या संघटनांचे प्रतिनिधी अर्ज भरायला विनामूल्य मदत करतात. सेवा अल्प होती म्हणून अर्ज दाखल करून घ्यायचा नाही, अशी तरतूद कुठेच नाही.

तरीही समजुतीतले जे तथ्य म्हटले ते इथे आहे. ‘अनकॅरॅक्टराइज्ड’चे ‘ऑनरेबल’ करून द्या, एवढीच मागणी केली तर ती बहुधा फेटाळली जाते. प्रवेश-टप्प्यावर ‘ऑनरेबल’ देण्यासाठी वर्तन आणि कामगिरीतील असामान्य परिस्थिती दाखवावी लागते, आणि आठ आठवड्यांच्या कवायतीत असे काही घडण्याची संधी क्वचितच मिळते. चांगला मुलगा होता, कोणाशी भांडला नाही, अशी शेजाऱ्यांची प्रशस्तिपत्रे जोडून काही साधत नाही. माझ्या मते बहुतेक अर्जदार चुकीच्या रकान्याशी लढतात. दर्जा 24 व्या रकान्यात असतो. पण पुढच्या आयुष्यात खरा त्रास देतात ते 27 व्या रकान्यातील पुनर्भरतीचा संकेतांक आणि 28 व्या रकान्यातील सेवामुक्तीचे कारण. ‘फसवून प्रवेश’ किंवा ‘व्यक्तिमत्त्व विकार’ असे शब्द नोकरी देणाऱ्याच्या नजरेस पडले, तर वरच्या रकान्यातील तटस्थ शेरा कोण वाचणार? पुनर्भरतीच्या संकेतांकात 3 असेल तर विशेष सवलत मिळवून पुन्हा वर्दी चढवता येते, 4 असेल तर सहसा येत नाही. तेव्हा ज्याला पुन्हा जायचे आहे त्याने आपले बळ तिथे लावावे.

आणि या रकान्यांवर पुराव्याने लढता येते. वयाच्या तेराव्या वर्षानंतर दमा झाला असेल तर तो भरतीच्या निकषांनुसार अपात्रता ठरतो. पण मुलाने तो लपवला होता की भरती अधिकाऱ्याला सांगितला होता, यावर ‘फसवून प्रवेश’ हे कारण टिकते किंवा कोसळते. त्या वेळचे संदेश, अर्जाची प्रत, घरच्या डॉक्टरांच्या नोंदी हे सारे इथे मोलाचे ठरते. मंडळ दोन कसोट्या लावते: सेवामुक्ती नियमाप्रमाणे झाली का, आणि ती न्याय्य होती का. प्रशासनाने कारवाई रीतसर केली असे आरंभी गृहीत धरले जाते, म्हणून गप्प राहणाऱ्या अर्जदाराचा पराभव ठरलेलाच असतो. मानसिक आजार, मेंदूला झालेली इजा, लैंगिक अत्याचार किंवा छळ ही कारणे गुंतलेली असतील, तर संरक्षण खात्याच्या 2017 च्या कुर्टा परिपत्रकानुसार मंडळांनी उदार दृष्टीने विचार करणे बंधनकारक आहे, आणि अशा प्रकरणांत अर्जदाराचे स्वतःचे निवेदनही पुरावा म्हणून धरले जाते. प्रशिक्षणातील रिक्रूटला ही तरतूद लागू नाही, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही.

नागरिकत्वाची बाब सामान्यतः या चर्चेत येतच नाही, आणि ग्रीनकार्डधारकांसाठी तीच सर्वांत गंभीर आहे. लष्करी सेवेच्या आधारे नागरिकत्व मागणाऱ्याची सेवामुक्ती सन्माननीय परिस्थितीत झालेली असावी, असे कायदा म्हणतो, आणि वर्गीकरणच नसलेल्या दाखल्यावर तो प्रश्न उघडा राहतो. अशा तरुणाने केवळ लष्करी मंडळाच्या भरवशावर न थांबता स्थलांतर कायद्याच्या वकिलाचा सल्ला आधी घ्यावा.

अर्ज करण्यापूर्वी सेंट लुइस येथील अभिलेखागारातून संपूर्ण सेवानोंद मागवावी आणि वैद्यकीय नोंदीही मिळवाव्यात. त्या न पाहता लिहिलेला अर्ज म्हणजे अंधारात मारलेला दगड. डीडी 214 च्या संक्षिप्त प्रतीवर दर्जा, कारण आणि संकेतांक छापलेले नसतात, म्हणून मंडळासाठी ‘मेंबर-4’ ही पूर्ण प्रतच लागते. रिव्ह्यू बोर्डाने केवळ कागदपत्रे पाहून नकार दिला असेल, तर त्याच 15 वर्षांच्या आत प्रत्यक्ष सुनावणी मागता येते. दोन्ही मंडळांचे दरवाजे ठोठावून झाल्यावर, 20 डिसेंबर 2019 रोजी किंवा त्यानंतर सेवामुक्त झालेल्यांसाठी संरक्षण खात्याचे तिसरे अपील मंडळही आहे.