बारा इंचांचं दुखणं

ज्या नाशिकच्या ढोलावर महाराष्ट्रभरच्या मिरवणुका नाचतात, त्याच नाशकात माझी गिटार मात्र उदबत्तीच्या पुड्यात अडकलेल्या गांधीलमाशीसारखी वाजायची. घरचे म्हणत, दोष बोटांचा. मी म्हणे, स्पीकरचा. माझ्या अ‍ॅम्पमध्ये, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या खोक्यात, तो होता साडेसहा इंचांचा. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली तर 82 हर्ट्झला वाजते, आणि असला खर्ज ढकलणं त्या बशीएवढ्या चकतीचं काम नव्हे. मग उरतो तो नाकातला आवाज.

सिडकोतला एक कॉलेजचा मुलगा बारा इंचांचा अ‍ॅम्प विकत होता. "काका, व्यास दुप्पटसुद्धा नाही, पण क्षेत्रफळ काढा. जवळजवळ साडेतीन पट!" 'काका' मी गिळलं. आपलाही अभ्यास आहे हे कळावं म्हणून म्हणालो, "1959 च्या फेंडर बासमन अ‍ॅम्पला स्पीकर दहा इंचांचेच होते."

"चार होते, काका."

पैसे मोजले. ते धूड मांडीवर घेऊन रिक्षात बसलो. मायको सर्कलला रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं, "मायक्रोवेव्ह का, साहेब?" मी मान डोलावली. सिग्नल सुटेपर्यंत टोन कुठे समजावत बसणार?

घरी आल्यावर कोपऱ्यात, फरशीवर ठेवला आणि ई, म्हणजे तीच जाड तार, वाजवली. स्वयंपाकघरातल्या डब्यांची झाकणं एकसाथ थरथरली. फरशी आणि दोन भिंतींच्या बेचक्यात खर्ज आणखी फुगतो, हे मला नंतर कळलं. खालच्या आजींना लगेच कळलं. दार उघडलं तर त्या उभ्या. "गिरणी टाकलीस का रे? दळण आणू?"

गंमत म्हणजे मला स्वतःला सगळं घोंगडीखालून ऐकू येत होतं. म्हणून ट्रेबल, म्हणजे वरच्या सुरांचं बटण, आठवर नेला. मग दहावर. तिसऱ्या दिवशी समोरच्या बिल्डिंगमधले, झोपाळ्यावर पेपर वाचणारे गृहस्थ आले. कानात कापूस. खराखुरा. "दाताचा दवाखाना काढलाय का हो?"

चूक तेव्हा उमगली. चकती जितकी मोठी, तितके वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे नाकासमोर जातात. छोटा स्पीकर तेच सूर बरेच आजूबाजूला सांडतो. मी अ‍ॅम्पला खेटून उभा, म्हणजे आठवडाभर उत्तम टोन ऐकला तो माझ्या नडग्यांनी. आजींना खर्ज, झोपाळ्याला टीप, आणि खर्च मला.

मग अ‍ॅम्प कोपऱ्यातून काढून चौरंगावर चढवला, पुढच्या कडेखाली लाटणं सारून त्याचं तोंड माझ्या तोंडाकडे केलं, ट्रेबल चारवर आणला. आणि काय सांगू! खर्ज भरदार, पण गुरगुर नाही. वरचे सूर स्वच्छ. त्या स्वच्छ आवाजात मी एफचा बार कॉर्ड धरला, म्हणजे एकाच बोटानं सगळ्या तारा आडव्या दाबायच्या तो.

ठक्क.

दुसरी तार दाबलीच जात नव्हती. साडेसहा इंचांच्या गोंगाटात ते वर्षभर खपून गेलं होतं. पुन्हा धरला, अंगठ्याला गोळा येईपर्यंत. ठक्क.

"अहो, तो चौरंग मोकळा करा," आतून आवाज आला. "उद्या पौर्णिमा आहे, सत्यनारायण आहे." थोड्या वेळानं पुन्हा, "आणि माझं लाटणं कुणी पाहिलंय का?"