कोबीचे चाळीस गड्डे

आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात खुर्च्या मांडायची वेळ आली की माझी पाठ न चुकता धरते. त्याच पाठीवर मी अमेरिकेतल्या फॉल रिव्हर गावी पोर्तुगीज संस्कृतीचा भार वाहतो आहे, हे कळल्यापासून मंडळाचे अध्यक्ष माझ्याशी बोलत नाहीत.

दोष माझ्या जिभेचा. पाव, बटाटा, साबण हे शब्द आम्ही तुमच्याकडूनच घेतले, अशी फुशारकी मी शेजारच्या आजींसमोर मारली. आजी पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरच्या. १९५७ मध्ये फायाल बेटाच्या किनाऱ्याशी ज्वालामुखी उसळला, घरे आणि शेते राखेखाली गेली आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेने खास कायदा करून तिथल्या लोकांना दार उघडले. त्या दारातून त्यांचे कुटुंब आले. नातवंडांचे पोर्तुगीज आता मिठाईच्या नावांपुरतेच उरले असल्याने, बटाट्याला बटाटा म्हणणारा धडधाकट माणूस पाहून आजींचे डोळे पाणावले आणि ‘फिल्यू’, म्हणजे बाळा, असे म्हणत त्यांनी मला त्यांच्या पोर्तुगीज क्लबच्या उत्सव समितीत ओढले.

हा पवित्र आत्म्याचा उत्सव. मुकुटाची मिरवणूक काढायची आणि मग येईल त्याला फुकट जेवू घालायचे, ही परंपरा पोर्तुगालच्या राणी इसाबेलपासून चालत आल्याचे सांगतात. सभेतले मला एक अक्षर कळले नाही; तरीही भांडण गेल्या वर्षीच्या हिशेबावरून चालले आहे, हे अनुभवाने लगेच ओळखले.

शनिवारच्या ‘काल्दु व्हेर्द’ सुपासाठी आजींनी ‘कोव’ आणायला सांगितले. आपला कोबी त्याच शब्दावरून आला, हे ठाऊक असल्याने मी कोबीचे चाळीस गड्डे आणून ओट्यावर रचले. स्वयंपाकघर स्तब्ध झाले. कोव म्हणजे दोऱ्यासारखी बारीक चिरायची गर्द हिरवी सुटी पाने; गड्ड्याला ‘रेपोल्यू’ म्हणतात. माझी व्युत्पत्ती अचूक होती, भाजी तेवढी चुकली. रविवारी पुदिना घालून पावावर ओतायच्या गोमांसाच्या रश्श्यात कोबी लागतो, म्हणून अब्रू वाचली. पण चाळीस गड्डे कोणत्याच धर्मात लागत नाहीत. उरलेल्यांची भाजी आमच्या घरी अजून चालू आहे.

आता समिती मला वगळणार, या आशेवर मी होतो. सोमवारी आजी आल्या, पुढच्या वर्षासाठी सभागृहाची किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, “शाव्ह.” चावी. या एका शब्दाबाबत गैरसमजाला जागाच नव्हती.