घर गाठण्याची कला

अन्यायाविरुद्ध आवाज उठवायचं ठरवलंत? छान. मग कचेरीवर जाण्याची चूक करू नका. तिथे दारावर शिपाई असतो, निवेदनावर शिक्का मारून पोच देणारा कारकून असतो. इतक्या सोयी असल्या की आंदोलनातला जोशच जातो. तुम्ही सरळ घर गाठा. घरात साहेब असतीलच असं नाही, पण त्यांची म्हातारी आई आणि परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी हमखास सापडते. धोरण बदलायचं तर सुरुवात त्या मुलीपासूनच करायला हवी.

पत्ता खरा की खोटा, हे बघत बसू नका. मोबाइलवर कुणीतरी पाठवलाय म्हणजे खराच. साहेबांनी ते घर मागेच विकलं असेल, तर नव्या मालकालाही भ्रष्टाचाराबद्दल चार गोष्टी कळतील. वेळ रात्रीचीच निवडा. भोंग्याचं तोंड शेजाऱ्यांच्या खिडकीकडे करा, याला लोकजागृती म्हणतात. समोरचे आजोबा कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवतील. तो मूक पाठिंबा समजा. तिसऱ्या दिवशी ती मुलगी पाढेसुद्धा तुमच्या घोषणेच्या चालीवर म्हणायला लागते. आणि तुमच्या मोबाइलची बॅटरी उतरली, तर चार्जर मागायला त्याच शेजाऱ्यांची बेल वाजवा. माणुसकी म्हणून काही आहे की नाही?

कुणी कायदा काढलाच, तर घाबरू नका. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या ब्रुकफिल्ड गावात १९८५ मध्ये गर्भपात करणाऱ्या एका डॉक्टरच्या घरापुढे निदर्शक निदान सहा वेळा जमले. कधी ११ जण, कधी ४० हून जास्त. दर वेळी तास-दीड तास. गावानं बंदी घातली आणि १९८८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ती ६ विरुद्ध ३ मतांनी उचलून धरली. वस्तीतून मोर्चा खुशाल न्या, पण एकाच घराला धरून उभे राहू नका, कारण आतल्या माणसाला कान मिटून पळायला दुसरी जागाच नसते, असा एकूण सूर. यातलं 'उभे राहू नका' एवढंच ध्यानात ठेवा. वीस पावलं इकडे, वीस पावलं तिकडे. झाली पदयात्रा!

आता साहेब, तुम्हीही जरा जवळ या. तुमच्याकरताही सल्ला आहेच.

बंदी घालाल तेव्हा आपल्या आवडीचा मोर्चा तेवढा वगळायचा मोह आवरा. इलिनॉय राज्यानं घरापुढची निदर्शनं बंद केली, पण कामगारांच्या वादातल्या निदर्शनांना सूट दिली. १९८० मध्ये न्यायालयानं तो कायदाच मोडीत काढला. शांतता जर प्रिय आहे, तर ती सगळ्यांच्याच घोषणांनी भंगते की! ब्रुकफिल्डनंही आधी हीच सूट ठेवली होती. गावाच्या वकिलानं कान टोचल्यावर काढली.

त्यापेक्षा शिकागोचा कित्ता सोपा. १९६५ मध्ये शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्ध कृष्णवर्णीय विनोदवीर आणि नागरी हक्कांचे कार्यकर्ते डिक ग्रेगरी यांचा मोर्चा महापौरांच्या घराकडे गेला. मोर्चा शिस्तीत, धुडगूस घातला बघ्यांनी, अटक झाली मोर्चेकऱ्यांना. शिक्षा रद्द व्हायला १९६९ उजाडलं. चार वर्षं शांत झोप मिळाली, आणखी काय हवं?

आणि हो, कारभार घरूनच चालवा. फायली दिवाणखान्यात, कंत्राटदार मागच्या दारानं, बदल्यांची यादी झोपाळ्यावर. लोक आले, की घर एकदम खासगी झालं पाहिजे. ते केव्हा कचेरी असतं आणि केव्हा घर, हे फाटकावरच्या माणसाला रोज सकाळी सांगून ठेवा, नाहीतर बिचाऱ्याची फार धांदल उडते. दुसऱ्यांच्या दारावर रात्री-बेरात्री पोलीस पाठवताना मात्र हा विषय काढायचा नसतो.

तर मोर्चेकरी मंडळी, भोंगा सुरू करा. मध्येच खिडकी उघडून ती मुलगी विचारेल, "काका, बाबा अजून ऑफिसातच आहेत. तुम्ही तिकडे का नाही जात?"

अशा वेळी भोंगा क्षणभर खाली घ्या आणि हळूच सांगा, "तिकडे जमावबंदी आहे, बाळ."