लांब राहणं सगळ्यांना जमत नाही

मनस्ताप टाळायचा तर 'नकारात्मक माणसांपासून लांब राहा', असं एका लेखात म्हटलंय. पण समोर आई किंवा सख्खी बहीण असेल तर लांब जायचं कुठे? (आणि रडणाऱ्या माणसाला नकारात्मक म्हणणं मला पटतच नाही.)

तानिया सिंगर, ओल्गा क्लिमेकी या मेंदू-संशोधकांचा 2014 चा अभ्यास इथे उपयोगी पडतो. दुसऱ्याचं दुःख जसंच्या तसं अनुभवायचा सराव केलेल्यांना संकटातल्या माणसांचे व्हिडिओ पाहून जास्त त्रास झाला. त्यांनाच पुढे करुणेचा, म्हणजे 'याचं भलं होवो' या भावनेचा सराव दिल्यावर तो ओसरला. म्हणजे माया आटवायची गरज नाही.

बहीण फोनवर बोलायला लागली की माझे खांदे कानापर्यंत चढतात, दात आवळले जातात. ते लक्षात आलं की खांदे सैल सोडते, पाय जमिनीला नीट टेकवते आणि सरळ विचारते, "नुसतं ऐकू, की काही सुचवू?" बहुतेकदा तिला नुसतं ऐकणारंच कोणी हवं असतं. निम्मं ओझं तिथेच उतरतं. झोपायच्या तोंडावर आलेले असले फोन मात्र मी घेत नाही. सकाळी मीच करते, आणि तिलाही ते चालतं.