टक्का नको, पोरामागे किती ते सांगा

गेल्या पंधरवड्यात कॉलनीच्या, माहेरच्या आणि निवृत्त शिक्षकांच्या अशा तिन्ही व्हॉट्सॲप ग्रुपवर मला एकच संदेश आला. "जपान शिक्षणावर जीडीपीच्या सव्वातीन टक्के खर्च करतो, भारत चार टक्क्यांहून जास्त. तिथली मुलं वर्ग स्वतः झाडतात, आपल्याकडे फुकटची खिचडी. पैसा कमी नाही, झेडपीचे गुरुजी कामचुकार आहेत." नागपूर जिल्ह्यातल्या झेडपीच्या शाळांवर माझी सत्तावीस वर्षं गेली, म्हणून एकेक मुद्दा घेते.

टक्के जवळपास बरोबर आहेत, पण टक्के कशाचे? 2023 मध्ये जपानचं दरडोई उत्पन्न सुमारे 34 हजार डॉलर होतं, आपलं अडीच हजार. शिवाय तिथे शंभर माणसांत पंधरा वर्षांखालची मुलं बारासुद्धा नाहीत, आपल्याकडे पंचवीसच्या आसपास. पैसा कमी आणि वाटेकरी दुप्पट. सगळा सरकारी शिक्षणखर्च या मुलांत वाटला असं धरून ढोबळ हिशेब करा. जपानमध्ये एका मुलामागे वर्षाला नऊ हजार डॉलरच्या वर येतात, आपल्याकडे चारशेच्या आसपास. तिकडे सगळंच महाग, हे मान्य. तो फरक वजा केला तरी अंतर आठेक पट राहतं.

चार टक्क्यांचा आकडाही सरळ नाही. त्यात शिक्षण खात्याबाहेरच्या खात्यांचा खर्चही धरलेला असतो. 2022-23 च्या आर्थिक पाहणीत केंद्र आणि राज्यं मिळून 2.9 टक्केच दिले आहेत. शिक्षणावरच्या कोठारी आयोगाने 1966 मध्ये सहा टक्के सांगितले होते, 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहाच लिहिले आहेत.

जपानचा टक्का कमी दिसतो त्याचं एक मोठं कारण म्हणजे तिथे विद्यापीठाचा बराच खर्च आईबाप करतात. प्राथमिकचं तसं नाही. खाजगी प्राथमिक शाळेत शंभरात एखाद-दुसरं मूल जातं, बाकी सगळी सरकारी शाळेत. डॉक्टरचं पोर आणि हमालाचं पोर एकाच बाकावर. नऊ वर्षं फी नाही, पुस्तकं फुकट. मग प्राथमिक शाळांची तुलना करताना एकूण शिक्षणखर्चाचा टक्का कशाला लावायचा?

आता झाडण्याचं. माझ्या शेवटच्या शाळेत पहिली ते चौथी मिळून 28 मुलं, आम्ही दोघी शिक्षिका, शिपाई नाही. सकाळी कुलूप मी उघडायची, चौथीची पोरं वर्ग झाडायची, तिसरीच्या मुली व्हरांड्यात पाणी शिंपडायच्या. जपानचं नाव कोणी ऐकलं नव्हतं. सोबतच्या मॅडम निवडणुकीच्या कामाला गेल्या की चारही वर्ग एका खोलीत. तीस मुलांपर्यंतच्या शाळेला समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेतून संयुक्त अनुदान वर्षाला 10 हजार. त्यातच खडू, रजिस्टर, नळाची तोटी, त्यातच स्वच्छता. एका वर्षी विजेचं बिल थकलं आणि लाइन कापली. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते, तरी त्या वर्षी उकाडा हटला नव्हता. पहिलीतला एक पोरगा रोज विचारायचा, "मॅडम, पंखा कधी चालू होऊन राहिला?" त्याला टक्के काय सांगायचे होते?

खिचडीबद्दल थोडक्यात. तांदूळ वेगळा मिळतो, पण डाळ, भाजी, तेल, इंधन यासाठी मे 2025 पासून प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला 6 रुपये 78 पैसे. जपानमध्येही शाळेत जेवण असतं, 1954 पासून त्याचा कायदाच आहे. अलीकडेपर्यंत पालक बहुधा सामानाचे पैसे द्यायचे, स्वयंपाकघर आणि माणसांचा खर्च नगरपालिका करते. म्हणजे तिथेही मूल शाळेत जेवतंच.

राहिले कामचुकार गुरुजी. चुकार माणसं आमच्यातही आहेत, मी पाहिली आहेत. पण जपानने 1974 मध्ये कायदा करून शिक्षकांचा पगार इतर सरकारी नोकरांपेक्षा वर ठेवायचं ठरवलं, का तर चांगली माणसं या पेशात यावीत. आपल्याकडे पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढायची, प्राथमिकला महिना 16 हजारांवर, तेही 2023 पासून, आधी 6 हजारच होते. माझ्या सोबतच्या मॅडम शिक्षणसेवकच होत्या. त्यातूनच खोलीभाडं, एसटीचं भाडं, घरी पाठवायचे पैसे. त्या पोरीने दिवाळीच्या आत पहिलीतल्या नऊपैकी आठ मुलांना वाचायला शिकवलं. नवव्यासाठी ती शाळा सुटल्यावर थांबायची आणि शेवटची एसटी चुकली की माझ्या घरी मुक्कामाला यायची.