रविवारी मामाला घेऊन मिल्टन कीन्समध्ये खरेदी

इंग्लंडमध्ये राहतो म्हटलं की गावाकडच्यांच्या डोळ्यासमोर बिग बेन उभा राहतो, आणि आम्ही राहतो मिल्टन कीन्सला, जिथलं प्रसिद्ध काय तर राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक, आणि काँक्रीटच्या गाईंचे पुतळे. १९६७ साली सरकारने शेतं, खेडी आणि दोनचार जुनी गावं पोटात घेऊन कागदावर आखलेलं हे शहर, अडीच लाख लोकांचा हिशेब होता तो कधीच मागे पडला, २०२२ मध्ये सिटीचा दर्जा पण मिळाला आणि बांधकाम काही थांबायला तयार नाही. एवढं आखीवरेखीव की आडव्या रस्त्यांना एच नंबर, उभ्यांना व्ही. अशा ठिकाणी रविवारी बूट घेऊन जेवून घरी यायचं यात अवघड काय? काहीच नाही. फक्त सोबत मामा नको.

मामाचं इचलकरंजीत कापडदुकान आहे, हयात गल्ल्यावर गेलीय, त्यामुळे तो दुकानात खरेदीला जात नाही, तपासणीला जातो.

एच सिक्सवरून व्ही सेव्हन घेतला आणि दुसऱ्याच राउंडअबाउटला सुरू, "आरं, हितनं मगाशी गेलो की!" नव्हतो गेलो हो, पण सिद्ध कसं करणार? दोन्ही बाजूंना झाडंच झाडं, घरं त्यांच्यामागे लपवलेली, प्रत्येक चौक शेजारच्याचा जुळा भाऊ. मग पार्किंग. लाल खुणांचे गाळे दाराजवळचे आणि महाग, जांभळे लांबचे आणि स्वस्त. मामाने जांभळा निवडला, चालत मी पण गेलो.

मिडसमर बुलेवार्ड नावाचा मुख्य रस्ता जूनमधल्या मोठ्या दिवसाच्या सूर्योदयाच्या रेषेत आखलाय, हे मी जरा ऐटीत सांगितलं. मामाने घड्याळ बघितलं. "सूर्य किती वाजता उगवतो मग?" म्हटलं जूनमध्ये पाचच्या आत. "आणि दुकान?"

दुकान साडेदहाला उघडलेलं होतं, दिवे लागलेले, माणसं बूट घालून बघतायत, आणि काउंटरवरची मुलगी हसतमुखाने सांगतेय की पैसे अकरानंतरच घेता येतील. १९९४ चा कायदा आहे, २८० चौरस मीटरपेक्षा मोठं दुकान रविवारी दहा ते सहाच्या मधे सलग सहाच तास विक्री करू शकतं, त्याआधी नुसतं बघायचं. हे मी मामाला समजावत होतो आणि त्याचा चेहरा हळूहळू असा झाला की कोणाच्या तरी घरी वाईट बातमी कळलीय. "म्हणजे गिऱ्हाईक पैसे घेऊन उभं, आणि ह्यो नको म्हणतोय?" छोट्या दुकानांना हे बंधन नाही म्हटल्यावर जरा जीवात जीव आला. स्वतःच्या दुकानाचे चौरस मीटर काढले मनातल्या मनात, वाचला!

अकराला बूट घेतले. पिशवीचे दहा पेन्स पडतात हे ऐकून मामाने खिशातून घडी घातलेली कापडी पिशवी काढली, त्याच्याच दुकानाची, नाव, पत्ता, फोन नंबर सगळं छापलेली, आणि नाव बाहेर दिसेल अशी धरून अख्ख्या शॉपिंग सेंटरमधून मिरवली. ही इमारत १९७९ ची, आता संरक्षित वारसा यादीत आहे, मार्गारेट थॅचर बाईंनी उद्घाटन केलं होतं. मामाची जाहिरात तिथे पहिल्यांदाच लागली असावी.

दुपारी पबमध्ये जेवायला गेलो तर बुकिंग आहे का? समोर अर्धी टेबलं मोकळी. नव्हतं बुकिंग, मग बारशेजारी उंच स्टुलांवर बसलो, मामाचे पाय अधांतरी. संडे रोस्ट आलं, मटण, बटाटे, उकडलेलं गाजर, वर तपकिरी रस्सा. मामाने चव घेतली आणि हळू आवाजात विचारलं, "कुणी आजारी हाय काय ह्यांच्यात?" तिखट मागितलं तर वाटीत पिवळी मोहरीची चटणी आली. दिसायला गरीब, म्हणून त्याने चमचाभर घेतली, मी अडवेपर्यंत गेली पण तोंडात. नाक, डोळे, कान, सगळीकडून वाट काढली तिने! डोळे पुसून झाल्यावर मामा म्हणाला, "आता कळलं दीडशे वर्षं राज्य कसं केलं." नळाचं पाणी फुकट असतं, त्याचे चार ग्लास संपवले.

बाहेर फुटपाथवर सहा चाकांचा डिलिव्हरी रोबो कोणाचं तरी दूध घेऊन निघाला होता, २०१८ पासून फिरतात आमच्याकडे. मामा बाजूला झाला, "जाऊ द्या त्यांना, कामावर हायेत," आणि बराच वेळ बघत राहिला. रविवारी पूर्णवेळ ड्युटीवर असलेला तो एकमेव कर्मचारी त्याला भेटला होता.

घरी आल्यावर मामीला व्हिडिओ कॉलवर बूट दाखवले. मामी म्हणाल्या, रंग काय तो.

परत करता येतात हे मी सहज बोललो. मामाच्या दुकानात "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी देवाच्या फोटोशेजारी आहे, त्यामुळे तो आधी माझ्यावरच चिडला. तरी सोमवारी गेलो. भांडायच्या तयारीने मामा बाह्या सरसावून उभा, आणि त्या पोराने कारण पण विचारलं नाही, पावती बघितली, माझं कार्ड टेकवायला सांगितलं, थँक्यू म्हणाला, संपलं. भांडण अंगावर तसंच राहिल्यामुळे मामा गाडीपर्यंत गप्प होता. पट्टा लावताना म्हणाला, "परवा त्ये जाकीट घेतलं न्हाई का, त्याची पावती ठेवलीयस का रं?"